जावळाच्या जेवणामागून: म्हसवड ते कवठे महांकाळ

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. लेकीच्या सासरी झालेल्या नातवाच्या जावळाचे फोटो का टाकले नाहीत, असं बरेच जण विचारतात. कवठे महांकाळजवळच्या माळावरून साताऱ्याकडं घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, जुलाब सुरू झाले. सलाईन लावावं लागलं. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी विचारलं, "त्या जेवणातलं आणखी कुणी आजारी आहे का? गावागावातनं कळलं, तरच साथ आहे की नाही समजतं."

मी सगळ्या पाहुण्यांना फोन लावले. सगळे ठणठणीत. मला ते पटेना. आमच्याकडं ज्याच्या घरी जेवलो त्याच्या अन्नाला नाव ठेवत नाहीत, मग पोट कितीही बिघडो. फोनवर कुणी बोलणार नव्हतं. मी जायचं ठरवलं.

साताऱ्याहून सकाळची म्हसवड गाडी धरावी. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही, पण आधार कार्ड लागतं. मी ते पुसेगावपर्यंत सारखं चाचपत होतो. दहिवडीपुढं ऊस मागं पडतो, मेंढरं आणि मोकळे माळ लागतात. पिण्याचं पाणी घरून उकळून न्या, मी नेतोच.

म्हसवडला आमच्या आक्काचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं घर. भाचा दारातच म्हणाला, "आवं मामा, जेवण लय झ्याक झालतं. कुणाला कायबी न्हाई."

"व्हय," आतून त्याची बायको, आक्काची सून, बोलली, "आन् ह्या गोधड्या उगंच धुतल्यात मी."

बाजरीची भाकरी वाढता वाढता तिनं सगळं सांगितलं. तिला झालं, तिच्या धाकट्या लेकीला झालं, आक्कालाही झालं. आक्का माळकरी. तिनं वेगळ्या पंगतीला वरणभात खाल्ला होता. मी इतके दिवस मटणावर संशय घेत होतो, तो तिथं डळमळला.

दुसऱ्या दिवशी आटपाडीला गाडी बदलून कवठे महांकाळ. मागची सीट मिळाली तर कंबर सांभाळा. स्टँडजवळ दस्तगीर मुलाण्याचं दुकान आहे. जावळाचं बकरं त्यानंच कापलं होतं. एरवी तिथं उभं राहायला जागा नसते, आज तो एकटाच बसला होता.

"तात्या, माझ्या मटणानं मानसं आडवी झाली म्हनत्यात. रविवारी त्याच माळावर तुमच्या व्याह्यांच्या भावाकडचं जावळ हाय. ह्या खेपेला बकरं कापाय दुसऱ्याला सांगितलंय."

"तुझ्या घरी कुणाला झालं का?"

"कापनाऱ्याच्या हक्काचा वाटा घरी आनला, घरच्या पान्यात शिजवला. पोरं आनखी मागत हुती."

बकरं तेच, पाणी वेगळं. माळावर टँकरनं भरलेली टाकी होती. आक्का त्यातलंच प्यायली, सूनही. मी माझी बाटली नेली म्हणून मंडळी मला हसल्या आणि टाकीचं प्यायल्या. रविवारी तीच टाकी भरणार होती, आणि जावळ म्हटलं की लहान पोरं आलीच.

तिथनं तिथल्याच व्याह्यांकडं गेलो. लेक त्या घरात नांदते, म्हणून जपूनच विचारलं, तरी व्याही म्हणाले,

"पाव्हणं, आमच्या अन्नाला नाव ठेवाय आलाय व्हय?"

"अन्नाला नाही. पाण्याला."

त्यांनी तोंड फिरवलं. उठावं असं वाटलं, पण उठलो नाही. शेवटी विहीणबाईच त्यांना म्हणाल्या, "आवं, दोन दिस तुमच्या हातातला तांब्या सुटला न्हवता. सांगा की त्यास्नी."

व्याही जमिनीकडं बघत म्हणाले, "टाकी धुवून घेतो. पर टँकरचं पानी नगं म्हनून भावाला मी कसं सांगू? म्हनंल, तुझ्या एकट्याचंच पोट नाजूक."

सांगली, कराड करत घरी आलो. मंडळी आता मऊ भात खातात. नर्सबाईंनी सगळं लिहून घेतलं, तिकडच्या आरोग्य केंद्राला पाणी तपासायला कळवलं. पण आणखी गावं कळली तर जोर येईल, म्हणाल्या. मला झोप नाही. दस्तगीरचं रिकामं दुकान दिसतं, आणि ती टाकी.

त्या जावळाला आलेले बरेच जण हे वाचतात, मला माहीत आहे. तुमच्या घरी कुणाला झालं असेल तर खाली लिहा, नाहीतर मला फोन करा. लाज वाटत असेल तर नाव सांगू नका. गाव सांगा, कधी सुरू झालं ते सांगा, पाणी कुठलं प्यायलात ते सांगा. व्याह्यांच्या भावापुढं मला एकट्याचं नाही, गावांचं बोलणं घेऊन जायचं आहे. कृपा करून रविवारच्या आत कळवा.