साहेबांच्या आईची चार दिवसांची कोची

आम्ही तेव्हा सौदीत, दम्माममध्ये राहत होतो आणि मी रोज सकाळी कंपनीच्या बसनं अबकैकच्या तेलाच्या प्लांटला जायचो. मूळचा नाशिकचा. प्लांटमधल्या पंपांची देखभाल हे माझं काम. घरात कुणी कधी अंडंसुद्धा फोडलेलं नाही.

एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब सौदी, माझ्यापेक्षा वयानं लहान, मनानं चांगले, पण एकदा ‘यल्ला’, म्हणजे चला, म्हणाले की समोरच्यानं धावायला लागायचं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

“तू कोची पाहिलंयस?”

“नाही, सर.”

“असं कसं? तू इंडियन आहेस ना?”

“सर, आमच्या गावाहून कोची म्हणजे इथून जेद्दा.”

हे त्यांनी कानाआड केलं. त्यांच्या घरचा ड्रायव्हर केरळचा, कोचीकडचा. साहेबांच्या आईला दवाखान्यात, लग्नाकार्यांना नेता-आणताना गेली कित्येक वर्षं तो आपल्या मुलखाच्या गोष्टी सांगत आला होता. नारळ, होड्या, जिकडे बघावं तिकडे पाणी. आता ईदच्या सुट्टीत आईला ते सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. चारच दिवस. साहेब, त्यांची पत्नी, दोन बहिणी आणि आई. खाणं हलाल, राहणं हलाल. आणि हे सगळं मी ठरवायचं.

“सर, ड्रायव्हरलाच विचारलंत तर? त्याचंच गाव आहे.”

“तो म्हणतो सगळं हलाल, सगळं उत्तम. आई म्हणते, स्वतःच्या गावाबद्दल तो दुसरं काय म्हणणार? तू मटण खात नाहीस हे मी घरी सांगितलं होतं. आई म्हणाली, ज्याला मटणाचं प्रेम नाही आणि वैरही नाही, तोच खरं सांगेल. तिनं तुला निवडलंय.”

एवढ्या विश्वासाला नाही कसं म्हणायचं? संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, तुम्हाला मटण ओळखू तरी येतं का?”

म्हणून आम्ही शेजारच्या भाभींना बोलावलं. त्या रत्नागिरीकडच्या, कोकणी मुसलमान. आमच्या दोन्ही घरांचे डबे भिंतीपलीकडे जायचे-यायचे, फक्त त्यांच्याकडून येणारा डबा त्या आठवणीनं वेगळा, नुसत्या डाळ-भाजीचा करायच्या. मी कागद-पेन घेऊन बसलो.

“पहिला प्रश्न लिहितो,” मी म्हणालो. “मटण हलाल आहे का?”

“भाऊजी, असं विचारलंत तर कुठलाही हॉटेलवाला हो म्हणेल. खाटीक कोण ते विचारा. कोंबडी ताजी की डब्यातली ते विचारा. आणि हलाल कोंबडी तळली कशात? त्याच कढईत आधी काय तळलं होतं?”

हे ऐकून मला आनंद झाला. हा सरळ सरळ पाइपलाइनचा प्रश्न होता. एका लाइनीतून दोन पदार्थ न्यायचे तर मध्ये ती धुवायची कशी, हे मी रोज बघत होतो. दोन तासांत आम्ही तेवीस प्रश्न तयार केले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्यांचा तक्ता केला. बाब, अपेक्षा, स्थिती, शेरा. साहेबांनी तो पाहून मान डोलावली आणि मी तो ड्रायव्हरनं सुचवलेल्या समुद्राकाठच्या हॉटेलला फॅक्स केला.

तीन दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा फोन केला. तिकडच्या मॅनेजरांचं हिंदी माझ्या अरबीइतकंच होतं, म्हणून आम्ही दोघांनी इंग्रजीचा आसरा घेतला.

“साहेब, तुमचा फॅक्स मिळाला. आधी आम्हाला वाटलं, सरकारी तपासणी आहे.”

“मटणाचं काय?”

“आमचा खाटीक मुसलमान, आचारी ख्रिश्चन आणि वाढणारा हिंदू. तुम्हाला नक्की कोणत्या टप्प्याची शंका आहे?”

मी तक्ता बघितला. असा रकाना नव्हता. “डुकराचं मांस तिथेच शिजतं?”

“त्याची सुरी वेगळी आहे.”

“आणि पातेलं?”

त्यांनी तिकडे कुणाला तरी मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. मग ते हळूच म्हणाले, “पातेल्याचं बघून कळवतो.”

दोन दिवसांनी फॅक्स आला. पातेलं नवीन घेतलं होतं. बायकांसाठी पोहण्याची वेगळी वेळ आहे का, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘तलाव दुरुस्तीला काढला आहे. सध्या स्त्री-पुरुष दोघांनाही मनाई.’ खोलीतल्या फ्रिजमधली दारू काढण्याची त्यांची तयारी होती, पण मग आत काय ठेवायचं असं त्यांनीच विचारलं होतं. मी साहेबांना विचारून ‘लबन’ असं कळवलं. तिकडून पुन्हा फोन. लबन म्हणजे काय? मी सांगितलं, ताक. मीठ नको, मिरची नको, कढीपत्ता तर मुळीच नको. मॅनेजर म्हणाले, “मग त्यात राहिलं काय?”

किब्ल्याच्या, म्हणजे नमाजाच्या दिशेच्या, रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘पार्किंगच्या दिशेला.’ हे मला पटेना. नकाशा आणि कोनमापक घेऊन मी जेवणाच्या टेबलावर बसलो. कोचीहून मक्का पश्चिमेला, थोडी उत्तरेकडे. म्हणजे समुद्राकडे तोंड करून जरा उजवीकडे वळायचं. भाभींच्या यजमानांनी ते तपासून शाबासकी दिली. मॅनेजरांना कळवलं, तर ते म्हणाले, “बरोबर आहे, साहेब. मी नकाशा उलटा धरला होता.”

या सगळ्यात आमच्या घरी एक गोंधळ झाला. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, इंडियन स्कूलमध्ये. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं, असा घरचा रिवाज. शुक्रवारी नाशिकला फोन लागला की आजीशी तोच आधी बोलायचा. त्या शुक्रवारी आजीनं विचारलं, पपा काय करतात? हा म्हणाला, “पापा रोज फोन पे मटन की बात करते हैं.”

रिसीव्हर माझ्या हातात आला.

“खातोस का?” आईनं एवढंच विचारलं.

“नाही गं आई.”

“मग चौकशी कशाला?”

मी सगळं सांगितलं. साहेब, त्यांची आई, ड्रायव्हर, नवीन पातेलं. मला वाटलं, आता काहीतरी कडक ऐकायला मिळणार.

“किती वयाच्या आहेत त्या?” ती म्हणाली.

“असतील तुझ्याएवढ्या. थोड्या मोठ्याच.”

“गुडघे कसे आहेत त्यांचे? खोली कितव्या मजल्यावर आहे?”

मी तक्ता उघडला. तेवीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. मी आईचा फोन ठेवला आणि कोचीला लावला. समुद्र दिसावा म्हणून त्यांनी दुसरा मजला राखून ठेवला होता. लिफ्ट नव्हती. जिना लाकडी आणि उभा. मॅनेजर आता माझे मित्रच झाले होते. त्यांनी त्याच दिवशी तळमजल्यावरच्या दोन खोल्या मोकळ्या करून दिल्या.

शनिवारी साहेबांना सांगितलं, तसे ते खुर्चीत मागे टेकले. “आईच्या गुडघ्यांबद्दल तुला कुणी सांगितलं? ती बाहेर कुणाला सांगत नाही.”

“माझ्या आईनं, सर.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “तिला सलाम सांग.”

ईदला मंडळी कोचीला गेली. मी प्लांटमध्येच होतो, पण सगळं चित्त तिकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा मोबाइल वाजला. साहेबांच्या फोनवरून नव्हता, कुठल्यातरी भारतातल्या नंबरवरून. पलीकडे एक वयस्क बाई, थेट अरबीत. साहेबांच्या आईच त्या. मागे पंप गडगडत होता. मला ‘समुद्र’ आणि ‘माझा मुलगा’ एवढे दोनच शब्द कळले. पण आवाज इतका खुशीचा होता की मी प्रत्येक वाक्याला “तय्यिब, तय्यिब,” म्हणजे छान, छान, म्हणत राहिलो. त्या हसल्या. मीही हसलो. दहाएक वेळा तय्यिब झाल्यावर त्यांनी फोन ठेवला. मी लगेच बायकोला कळवलं की ट्रिप उत्तम चाललीय.

परत आल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मिठाईचा डबा दिला. खोल्या छान होत्या. मटण ठीक होतं. आईच्या मते तिच्या हातच्यापेक्षा कमीच, पण ते तर होणारच. फ्रिजमध्ये ताक होतं. मग ते जरा घुटमळले.

“आईनं तुला फोन केला होता?”

“हो सर. फार आनंदात होत्या.”

“होती. तिनं तुला सांगितलं की मी होडीत चढताना पाण्यात पडलो, फोन बुडाला, आणि तिनं इतक्या वर्षांत इतकी मजा पाहिली नव्हती.” त्यांनी माझ्यावर डोळे रोखले. “आणि तू म्हणालास, तय्यिब.”

मी डबा हातात घेऊन उभा.

“दहा वेळा म्हणालास, म्हणते ती. येईल त्याला हेच सांगते.” बोलता बोलता त्यांनाच हसू फुटलं आणि मग मलाही आवरेना. बाहेरचा क्लार्क दार उघडून आत डोकावला, तसे साहेब सावरून बसले, टेबलावरचे कागद नीट केले आणि मला म्हणाले, “पाणी कमरेएवढंच होतं.”