एकदाच दिलेला होकार

सकाळी बाहेर येऊन पाहिलं, तर बाबा बूट घालून सोफ्याच्या कडेला बसले होते. मांडीवर बॅग. भाऊ गाडी घेऊन यायचा होता संध्याकाळी.

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर यंत्रणेतले नेहमीचे, बिनधोक्याचे बदल एकदाच मंजूर करून ठेवतात. मग दर वेळी कुणाला विचारावं लागत नाही. ती मंजुरी अजून योग्य आहे का, हे अधूनमधून तपासणं माझं काम. ते मी कधी चुकवलेलं नाही.

आई गेल्यावर ठरलं, बाबांनी एक महिना माझ्याकडे राहायचं, एक महिना भावाकडे. त्या दुःखात त्यांनी नुसती मान हलवली होती. तेवढ्या होकारावर आम्ही दोघे इतकी वर्षं त्यांना इकडून तिकडे नेतो आहोत.

"बाबा, आत्तापासून कशाला बूट?"

"असू दे रे. ऐनवेळी पटकन वाकवत नाही. तुमचा खोळंबा नको."

मी शेजारी बसलो.

"तुम्हाला जायचंय का?"

बाबांनी वळून मागे पाहिलं. मी दुसऱ्याच कुणाला तरी विचारतोय, असं त्यांना वाटलं.