सूत तेच, माग दुसरा

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी संगणकांचं काम बघते. ऑफिसात बसून शेडमधल्या कुठल्याही संगणकावर लॉगिन करता यावं, म्हणून आमचा एक प्रोग्राम आहे. त्याची नवी आवृत्ती मी लिहून बसवली आणि पंचाईत झाली. पासवर्ड टाकला, की प्रोग्राम बंद पडायचा.

साहेबांनी सगळ्या ऑफिसला मेल टाकला: मॅडमच्या कोडमध्ये चूक आहे, सगळं नव्यानं लिहावं लागेल. मी ओळ न् ओळ तपासली होती. डोकंच फिरलं माझं.

आमचं घर विणकरांचं. कापडात दोष दिसला, की वडील कुणावर ओरडायच्या आधी तेच सूत शेजारच्या मागावर लावून बघायचे. मीही तेच केलं. आपण लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवतो तो कंपायलर, आणि आमचा कंपायलर नुकताच बदलला होता. कोडच्या एका अक्षरालाही हात न लावता मी तो जुन्या कंपायलरमधून काढला आणि साहेबांना शेजारी बसवून पासवर्ड टाकला. लॉगिन झालं. पुन्हा टाकला, पुन्हा झालं. नवा कंपायलरच पासवर्ड तपासणारा भाग चुकीचा बनवत होता.

साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "मग आता काय काय नव्यानं लिहायचं?"

"माझा कोड आहे तसाच राहील, साहेब," मी म्हटलं. "नव्यानं लिहायचाय तो तुमचा मेल."