भिंतीवरची पुराची रेघ

दोन हजार एकवीस साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो. आमचं घर नदीकाठी. मागचा मोठा पूर ओसरला तेव्हा पाणी जिथवर चढलं होतं, तिथं मी भिंतीवर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली. आमच्या गल्लीत सगळेच ओढतात. पाहुण्याला आधी रेघ दाखवायची, चहा मागनं.

विमा कंपनीचा साहेब घराची तपासणी करायला आला, त्यालाही मी हौसेनं दाखवली. म्हटलं, "एवढ्या पाण्यातनं उभं राहिलंय घर!" त्यानं फोटो काढला.

थोड्या दिवसांनी एजंट आला. "अण्णा, तुमच्या घराचा विमा यंदापासनं पुढं चालू राहणार नाही. कंपनी म्हणते, इथं पाणी पुन्हा येणार. रेघ पुसा, दुसऱ्या कंपनीत बघू."

"पाणी आलं ते आलं. पुसायचं कशाला?"

आतनं बायको म्हणाली, "आणखी चार साहेबांना दाखवा!"

संध्याकाळी रेघेसमोर बसून राहिलो. राग साहेबाचा आला होता. पण रेघ एकच. मी तिच्यात घराची ताकद बघत होतो आणि त्यानं पाण्याची बघितली. मग मीही तशीच बघितली. ज्वारीची पोती, बायकोचं शिलाई मशीन, आमचं अंथरूण, सगळा संसार तिच्या खाली होता. आता तो बुडाला तर भरून देणारं कुणी नव्हतं.

रेघ काही मी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला बोलावलं आणि तिच्या हातभर वर माळा घालायला सांगितला.