मतदान होईपर्यंत थांब

हसाजी थळकरांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारण सरळ आहे. त्यांची गोष्ट खरी सांगायची तर तिच्यात मी येतो, आणि बरा दिसत नाही.

हसाजी गिरगावातल्या एका सायंदैनिकात कंपॉझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते आणि मी तिथेच मुद्रितं तपासायचो. राहायचो दोघेही परळला, भोईवाड्याजवळ एकाच चाळीत, एकाच मजल्यावर. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या अलिबागकडचे मराठी यहुदी. पूर्वज थळला तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हसाजींनीही शनिवारी कधी खिळ्यांना हात लावला नाही. त्याबदल्यात रविवारी एकटे येऊन जाहिराती जुळवत बसायचे. कागदोपत्री त्यांचं नाव इझिकेल आणि बायकोचं मिरियम, पण चाळीला ती मीराबाई.

तीस वर्षं शिशाचे खिळे हाताळून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. खिळा उचलताना हात सरावाने जागेवर जायचा, पण पेन धरलं की थरथरायचा. म्हणून त्यांची पत्रं मी लिहायचो. मुलगा मोशा पन्नास साली इस्रायलला गेला, तेव्हापासून दर महिन्याचं पत्र माझ्या हातचं. खाली सही तेवढी हसाजींची, वेडीवाकडी. मला त्याचा थोडा अभिमानही होता. मजल्यावर शिकलेला माणूस मीच, पेपरात काम करणारा, जगाचं राजकारण कोळून प्यायलेला.

छप्पन सालच्या सप्टेंबरात मोशाचं पत्र आलं. तो तिकडे एका कारखान्यात वेल्डर होता. लिहिलं होतं, ‘बाबा, इथे जीव रमत नाही. आम्ही काळे म्हणून अजून बोलणी बसतात. वर्षातून महिनाभर पलटणीत बोलावतात ते वेगळंच. ऑक्टोबरच्या बोटीत जागा मिळते आहे. पण डिसेंबरात मला दोन खोल्या मिळायच्या आहेत, आत्ता निघालो तर त्या जातील. येऊ की थांबू? तुम्ही सांगाल तसं करीन.’

मीराबाईंनी पत्र ऐकलं आणि म्हणाल्या, “ये म्हणून लिहा. दुसरं काही लिहू नका.”

हसाजी मात्र अडले. भीती त्यांना तिकडची नव्हती, इकडची होती. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर गोळीबार झाला, तेव्हा आमच्या शेजारच्या खोलीतल्या सखुबाईचा लवू गेला. लवू आणि मोशा एका वयाचे, एका गॅलरीत पतंग उडवलेले. लवू सत्याग्रहाला गेला नव्हता, खाली दूध आणायला गेला होता. दुधाची पिशवी नव्हती हो त्या काळी, पितळेची कळशी होती, ती पोलिसांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. तेव्हापासून मुंबईत तरुण पोराला बोलवायचं म्हटलं की हसाजी कचरायचे.

“नाना, तुम्ही पेपर वाचता,” ते म्हणाले. “इजिप्तच्या नासरने सुएझ कालवा घेतला. तिकडे लढाई पेटेल काय?”

झालं. मला तेवढंच हवं होतं. मी मांडी ठोकून बसलो. म्हटलं, “हसाजी, सहा नोव्हेंबरला अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक आहे. न्यू यॉर्कात यहुद्यांची मतं किती, माहीत आहे? मतदान तोंडावर असताना अध्यक्ष तिकडे काडी पेटू देईल होय? आणि अमेरिकेच्या मनात नसताना बाकीचे काय उखडणार? सहा तारखेपर्यंत कोणी बंदूक उचलत नाही. निवडणूक होऊ द्या, नवा अध्यक्ष इस्रायलला धरून राहतो की अरबांकडे झुकतो ते बघू, मग ठरवू. तोवर पोराच्या खोल्याही हाती येतात.”

हे शहाणपण मी कुठून आणलं? आमच्याच गल्लीतून. निवडणूक जवळ आली की इथला उमेदवार नळाला पाणी आणतो, हात जोडतो, भांडण पुढे ढकलतो. दिल्लीवाले मुंबईचा प्रश्न असाच निवडणुकीच्या हिशेबाने कधी झाकत होते, कधी उघडत होते. मतपेटीला सगळे भितात, हे आम्ही चाळकऱ्यांनी नीट शिकून ठेवलं होतं. परळच्या मतपेटीवरून मी वॉशिंग्टन मोजलं.

मीराबाई म्हणाल्या, “त्यांच्या मतदानाचा नि माझ्या पोराचा काय संबंध?”

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पत्र लिहिलं. खुशाली, पाऊसपाणी, चळवळ. शेवटी मीच वाक्य घातलं, ‘सहा नोव्हेंबरला अमेरिकेचं मतदान होईपर्यंत थांब.’ खाली हसाजींनी सही केली. मीराबाईंनी त्या दिवशी एलियाहू हनाबीला, त्यांच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, नवस बोलला. मोशाने उंबरा ओलांडला की मलिदा करीन.

तीस ऑक्टोबरला बातमी आली. इस्रायलच्या फौजा इजिप्तच्या सिनाई वाळवंटात घुसल्या.

माझं गणित चुकलं नव्हतं, उत्तर उलटं आलं होतं. मतदानाच्या तोंडावर अध्यक्ष आपल्याला दुखावणार नाही, हे इस्रायलच्या पुढाऱ्यांनीही माझ्यासारखंच ओळखलं, म्हणून आठ दिवस आधी मुहूर्त साधला, असं मोठ्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागलं. आमचा पेपरही तेच उचलायचा आणि ती मुद्रितं मी तपासत होतो. ज्या कारणासाठी मी मोशाला थांबवलं त्याच कारणासाठी लढाई झाली. आणि वर अध्यक्षाने कोणाचीही भीड धरली नाही, मतदानाआधीच हल्ल्याविरुद्ध उभा राहिला. म्हणजे मीही आपटलो आणि तेही.

ती दिवाळी होती. एक तारखेला आमच्या माथी द्विभाषिक राज्य मारलं होतं, म्हणून चाळीने कंदील लावले नव्हते. आमच्या पेपराने इस्रायलला झोडपणारा अग्रलेख लिहिला. तो जुळवायला नेमका हसाजींकडे गेला. मी संपादकांना सांगून दुसऱ्याकडे द्यायला हवा होता, सांगितलं नाही. हसाजींनी तो मुकाट जुळवला. मुद्रित माझ्याकडे आलं तेव्हा त्यात एकही चूक नव्हती. रोज पाच-सहा असायच्या.

सात नोव्हेंबरला दुपारी तारा आल्या. आयसेनहॉवर भरघोस मतांनी पुन्हा निवडून आले आणि तिकडे तोफा थांबल्या. दोन्ही बातम्या एकाच पानावर. मी ओलं मुद्रित घेऊन हसाजींच्या खिळ्यांच्या खणांपाशी धावलो. “बघा! मतदान झालं, लढाई संपली. मी काय म्हणत होतो? आता मोशा सुखरूप आला समजा. मलिदा करून टाका.”

“पत्र नाही आलं त्याचं,” हसाजी म्हणाले.

“पत्र यायला पंधरा दिवस लागतात हो. देवाला काय पोस्टाने कळवायचंय?”

घरी मीराबाई ऐकेनात. त्यांच्यात मलिदा नवस फिटल्यावर करतात. मागणं पुरं व्हायच्या आधी उष्टवला तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतं, असं त्यांची आई सांगायची. मी म्हटलं, “मीराबाई, लढाई संपली हे खोटं आहे का?” हसाजींना माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, कारण नाही ठेवला तर दुसरं काय उरत होतं! अकरा नोव्हेंबरला, रविवारी, त्यांनी कामाला सुट्टी टाकली आणि मलिदा केला.

भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं मांडलेली. खोबरं सखुबाईने खवून दिलं. हसाजींनी डोक्याला टोपी घालून हिब्रूत प्रार्थना म्हटली. सगळा मजला जेवला. मी दोनदा मागून घेतलं.

वीस तारखेला इस्रायलच्या वकिलातीतून एक माणूस आला. मोशाला पलटणीत बोलावून घेतलं होतं, एकतीस ऑक्टोबरला तो सिनाईत पडला.

मी मनात दिवस मोजले. मोजायला नको होते. एकतीस धरून अकरा तारीख म्हणजे बारावा दिवस. आमच्यात त्या दिवशी बाराव्याचं जेवण घालतात. आम्ही सगळ्या चाळीने मोशाचं बारावं जेवलं होतं, आणि मी दोनदा.

मीराबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्यांनी तेवढीही संधी दिली नाही. हसाजी मात्र पूर्वीसारखेच माझ्याबरोबर कामाला निघायचे. तो चांगुलपणा मला शिक्षेसारखा वाटायचा. डिसेंबरात मोशाची पेटी आली. तिच्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर हसाजी रोज एकच विचारायचे, “अमेरिका काय म्हणते?” मोशा जिथे पडला ती जमीन इस्रायलकडे राहणार की परत जाणार, एवढंच त्यांना हवं होतं. “राहिली तर म्हणता येईल काहीतरी,” ते म्हणायचे. “सखुबाई म्हणते ना, मुंबई मिळाली की माझा लवू कामी आला. तसं.”

आता मला गणित येत होतं, पण तोंड उघडवत नव्हतं. अमेरिकेच्या कायद्याने हा अध्यक्ष तिसऱ्यांदा उभा राहू शकत नव्हता. ज्याला पुन्हा मतच मागायचं नाही, तो कोणाला भिणार? फेब्रुवारीत त्याने आपल्या देशाला उद्देशून भाषण केलं, इस्रायलने जिंकलेलं सोडलंच पाहिजे म्हणाला. मार्चच्या सुरुवातीला इस्रायलने माघार जाहीर केली. ती बातमी हसाजींनी स्वतः मागून घेतली आणि जुळवली. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, “फुकट गेला, नाना.”

त्याच पंधरवड्यात आमचं मतदान होतं. गिरणगाव संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागे उभं होतं. शाळेच्या पटांगणात रांगेत पुढे सखुबाई, मग हसाजी, मग मी. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. सवयीने मी पुढे वाकून म्हणालो, “हसाजी, समितीची पेटी कुठली ती ठाऊक आहे ना?”

ते मागे वळले. तेवढा एकदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. “मत कुणाला द्यायचं ते मला कळतं. निवडणुकीतलं एक अक्षर पुन्हा मला शिकवू नका.”

रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मला आतून हायसं वाटलं. कोणीतरी एकदाचं बोललं.

आमची माणसं निवडून आली. मतपेटीने दिल्ली हलली आणि साठ साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. एक मेला सखुबाई पेढे घेऊन हसाजींच्या दारात गेली. “घ्या भावजी. माज्या लवूचा कायतरी झाला.” हसाजींनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि मुठीत धरून बसले. ती गेल्यावर म्हणाले, “तिच्या पोराचं राज्य झालं. माझ्या पोराचं काय झालं?” त्या पावसाळ्यात हसाजी गेले.

आणि मी सुधारलो का? छे. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत पुन्हा निवडणूक आली. कामावरून आल्यावर गॅलरीत चार माणसं जमली. कोणी विचारलं, नवा माणूस आला तर इस्रायलला बरा की नासरला बरा? माझ्या जिभेला खाज. मी सुरू झालो. यहुदी मतं, न्यू यॉर्क, अरबांचं तेल.

मीराबाईंचं दार उघडलं. चार वर्षांनी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात घडी घातलेला कागद होता.

“हे मोशाच्या पेटीत होतं,” त्या म्हणाल्या. “सही त्यांची होती म्हणून ते असेपर्यंत ठेवलं. अक्षर तुमचं आहे. तुमच्याकडे राहू द्या.”

मी कागद उघडला. माझंच वळणदार अक्षर. खुशाली, पाऊसपाणी, चळवळ, आणि शेवटचं वाक्य. त्याच्याशेजारी समासात, जिथे मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवत आलो, तिथे मोशाने पेन्सिलीने सहा नोव्हेंबरपर्यंतच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या. पत्र पोचल्यापासून रोजची एक तारीख खोडलेली होती. एकोणतीस ऑक्टोबरपर्यंत.

माणसं वाट बघत होती, नाना पुढे काय सांगतात म्हणून.