शनिवारची माफी

स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. मी अर्जुनीकडच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो. गावात ख्रिस्ती घरं जेमतेम दहा-अकरा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा गोंदियाहून रेल्वेनं येत आणि प्रभुभोजनाची भाकर देत. बाकीच्या रविवारी उपदेश माझ्याकडे असे. तेविसाव्या वर्षी पांढऱ्या केसांची माणसं खाली बसून आपलं ऐकतात म्हटल्यावर डोकं जागेवर ठेवायला अक्कल लागते. ती माझ्याजवळ नव्हती.

मंडळीत एक म्हातारे बाबा होते. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात नांगर धरलेले, अक्षरओळख नाही. उपदेश संपला की शेवटची प्रार्थना ते करत, आणि देवाशी अगदी बांधावर बसल्यासारखे बोलत. "बापा, शेताच्या बोडीत पाणी नाही. धानाची रोवणी अडून राहिली. तू काऊन गप्प बसला?" मंडळी डोळे मिटून 'आमेन' म्हणे. मला मात्र ते गावंढळ वाटे.

त्या रविवारी माझा उपदेश होता नम्रतेवर. दोन दिवस खपून तयार केला होता आणि तो चांगला झाला म्हणून मी मनात फुगलो होतो. एवढ्यात बाबा उठले आणि आपल्या बैलाच्या सुजलेल्या खुराबद्दल देवाला सांगू लागले. माझं टाळकंच सरकलं. प्रार्थना मध्येच तोडून मी म्हणालो, "बाबा, देवाशी असं बोलतात का? नीट बोलता येत नसेल तर गप्प बसावं." मागं कोणीतरी हसलं. बाबा वाक्य अर्धंच टाकून खाली बसले.

त्या मंडळीची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं त्याच्या घरी जाऊन माफी मागायची. त्याशिवाय भाकरीला कोणी हात लावत नसे. ही आठवण दर महिन्याला मंडळीला मीच देत असे. त्या शनिवारी बाबांकडे जावं हे माझ्या मनात आलं नाही असं म्हणालो, तर ते खोटं होईल. आलं होतं. पण मास्तरानं नांगऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे मला जड गेलं.

दुपारी तेच आले. रोवणीवरून थेट, गुडघ्यापर्यंत चिखल. अंगणातच उभे राहिले.

"गुरुजी, मले माफ करा जी. माह्या मनात तुमच्याबद्दल राग येऊन राहिला. उद्या भाकर कशी घेऊ?"

मी खुर्चीत बसून वह्या तपासत होतो. उठलोसुद्धा नाही. "बरं, केलं माफ," म्हणालो, "पुढं सांभाळून बोला." चूक माझी, आणि माफ मी करत होतो. बाबा हात जोडून गेले. त्यांच्या पायांचा चिखल मी खराट्यानं झाडून काढला.

दुसऱ्या दिवशी भाकर दोघांनीही घेतली. त्यानंतर बाबा प्रार्थनेला कधीच उठले नाहीत. मंडळीला वळण लावलं, असं मला वाटलं.

शहाणपण यायला दोन वर्षं गेली. एका शनिवारी मी त्यांच्या घराकडे निघालोही. तलावाच्या पाळीवरून पाहिलं, तर त्यांच्या अंगणात चार-पाच माणसं बसलेली. एवढ्यांच्या देखत? मी मागं फिरलो. शनिवार काय पुष्कळ येतील, असं मनाला सांगितलं. पुष्कळ आलेही. मी गेलो नाही.

धानकापणीनंतर बाबा तापानं गेले. माती देऊन आम्ही सगळे त्यांच्या घरी आलो, तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "गुरुजी, घरात एक प्रार्थना करून द्या. लय दिवस झाले, या घरात झाली नाही."

"का? बाबा करत असतील ना?"

"नाही जी. पहिले रोज जेवणाच्या आंधी करत. मंग सोडून देलं. म्हणत, मले देवासंग बोलता येत नाही, गुरुजीनं सांगितलं."

ती हे साधेपणानं सांगत होती. तक्रार करत नव्हती. घरातल्या सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले होते आणि मी सुरू करायची वाट पाहत होते. पुस्तकातली प्रार्थना मला तोंडपाठ होती, तीच मी म्हटली. त्या बाईची माफी मागायला हवी होती. तीही मागितली नाही, कारण घर माणसांनी भरलेलं होतं.