चाखायला मी होतो

ग्लास नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचे, एक खोल श्वास घ्यायचा आणि ग्लास माझ्याकडे सरकवायचा. "चाख पा."

तुम्ही कधी थेंबभरही दारू न घेणारा बारमन पाहिलाय? मी पाहिलाय. वीसेक वर्षांपूर्वी चेन्नईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये ते माझे वरिष्ठ होते. मूळचे तंजावरचे मराठी, बोलणं जुन्या वळणाचं आणि मधूनच तमिळ 'पा', म्हणजे आपलं 'बाबा'; राहायला मैलापूरला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी नाशिकहून नुकताच आलेला, तमिळचा गंध नाही. मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून मी त्यांच्यामागे शेपटासारखा फिरायचो.

नोकरी धरताना त्यांनी आईला शब्द दिला होता, दारू हाताला लागेल, जिभेला लागणार नाही. तीस वर्षं तो पाळला. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मज वास पुरे." आणि नाक असं, की बाटलीचं बूच नीट लागलं नाही हे त्यांना दारातूनच कळायचं.

त्याच सुमारास हॉटेलवाल्यांनी जाहीर केलं, प्रत्येकाने निग्रोनीचा आपला प्रकार बनवा. ज्याचा निवडू तो सिंगापूरच्या नव्या बारचा मुख्य. निग्रोनी म्हणजे जिन, इटलीची लाल कडू दारू आणि व्हर्मुथ नावाची गोड, मसालेदार वाइन, तिन्ही सारख्या प्रमाणात, वर संत्र्याची साल. दुपारी बार बंद असायचा, तेव्हा आम्ही दोघं बसायचो. व्हर्मुथ कमी करून नन्नारीचं सरबत घालायचं, ही कल्पना त्यांची. नन्नारी म्हणजे आपली उपळसरी. किती घालायचं ते माझी जीभ ठरवायची. आठवडाभर जे बनलं ते खोकल्याचं औषधच झालं. मी तसं म्हटलं की अण्णा दुखावायचे आणि "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत ओतून द्यायचे.

एकदा मी त्यांच्या डब्यातला दहीभात खात होतो. सोबत नारत्तंगायचं लोणचं होतं, तिकडच्या जाड सालीच्या कडवट लिंबाचं. खाता खाता ओरडलोच, "अण्णा, संत्रं काढा! याची ताजी साल घाला."

घातली. त्यांनी वास घेतला, डोळे उघडेचनात. मी घोट घेतला आणि सांगितलं, "आधी कडू, मग ओली माती, आणि शेवटी गोडवा जिभेवर बसून राहतो."

"दोघांचं नाव लिवू," ते म्हणाले. "तुझं आधी."

निवडीच्या दिवशी हॉटेलचे साहेब आले, सोबत बाहेरचे दोन पाहुणे. मी मागे बर्फाचं भांडं घेऊन उभा. साहेबांनी विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं," अण्णा म्हणाले.

एक पाहुणा हसला. "पण तुम्ही तर पीत नाही म्हणे. मग चव कशी जमवली?"

अण्णांनी ग्लास उचलला आणि घोट घेतला. मग म्हणाले, आधी कडू, मग ओली माती, शेवटी गोडवा. शब्द माझे, क्रमसुद्धा माझाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईला दिलेला शब्द त्यांनी मोडला, पण माझं नाव घेतलं नाही.

मी त्यांना मागच्या बेसिनपाशी गाठलं. ते चुळा भरत होते, एकामागून एक.

"का अण्णा?"

"तू तरणा आहेस पा. तुज आणखी मिळेल." आणि पुन्हा चूळ. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून राग दुप्पट झाला.

श्रेय मागितलं असतं तर हसत दिलं असतं, असं मी लोकांना सांगत आलोय. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, नसतं दिलं. पण मागायला तर हवं होतं!

ते सिंगापूरला गेले. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, मी मुद्दाम गोदामात जाऊन बाटल्या पुसत बसलो. नव्या मेन्यूकार्डावर त्यांचं नाव छापून आलं, आणि तो ग्लास रोज मीच भरत राहिलो.

सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. चौकशी नाही, काही नाही. "इथं नारत्तंगाय मिळत नाही रे. बदली काय घालू?"

मी म्हणालो, "चाखून बघा की. आता तर चाखता."

ते हळूच म्हणाले, "रोज चाखतों. मज कळत नाही पा. सगळं कडूच लागतं."

काय घालायचं ते मला तेव्हाच सुचलं होतं. न सांगताच मी फोन ठेवून दिला. पुढे ते वारल्याचं कळलं, तेव्हाही ते उत्तर माझ्या जिभेवरच होतं.